मशीनचा आऊट

आमच्या कारखान्यात सगळ्यात हुशार कोण, असं विचारलं तर किशोरभाऊ स्वतःचं नाव सांगणार नाहीत. ते मोठ्या नम्रपणे मशीनकडे बोट दाखवतील. मशीन त्यांनीच आणलेलं आहे, त्यामुळे मान जायचा तिथंच जातो.

कारखाना म्हणजे अमरावतीच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. किशोरभाऊंचं घर वलगावचं, शेतीवाडीचं. डाळमिलच्या यंत्रात बेअरिंग बसवायला जी लोखंडी घरं लागतात, ती आम्ही बनवतो आणि अकोल्याचे केशवराव ती घेतात. मी सीमा, इथली क्वालिटी इन्स्पेक्टर. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, मायक्रॉनमध्ये मोजायच्या आणि तोंडावर सांगायच्या, हे माझं काम. लग्नाआधी हेच मी घरी फुकट करत होते.

मशीन आलं त्या दिवशी गेटवर बॅनर लागला होता. त्यात किशोरभाऊंचा फोटो मशीनच्या फोटोपेक्षा मोठा होता. कॉम्प्युटरवर चालणारं, स्वतःची हत्यारं स्वतः बदलणारं मशीन. 'आता माणसाच्या हातात काहीच राह्यलं नाई,' असं किशोरभाऊंनी भाषणात सांगितलं, आणि समोर बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आमचा ऑपरेटर देवीदासही होता. तो जरा उशिरा वाजवायला लागला, एवढंच.

त्याच सुमारास वलगावात ट्रॅक्टर आला आणि लाल्या-बांड्याची बैलजोडी विकली गेली. किशोरभाऊंचे वडील चंद्रभान, म्हणजे आमचे आबाजी, यांना एकदम काही कामच उरलं नाही. काम नसलेला म्हातारा घरात बसला की सुनेच्या भाजीत मीठ कमी होतं, नातवाचा अभ्यास चुकतो आणि टीव्हीचा आवाज वाढतो. चार दिवसांत सगळं घर वैतागलं. मग किशोरभाऊंनी तोडगा काढला. रोज सकाळी ते आबाजींना गाडीत घालून कारखान्यात आणायचे, मशीनजवळच्या स्टुलावर बसवायचे आणि स्वतः एसीच्या केबिनमध्ये निघून जायचे. संध्याकाळी जाताना परत घेऊन जायचे. टिफिनची पिशवी आणि आबाजी, दोन्ही ते तोवर एकदाही विसरले नव्हते.

आबाजी दिवसभर मशीनकडे बघत बसायचे. मशीन काय खातं, किती पितं, रात्री त्याला झाकता का, असं देवीदासला विचारायचे. देवीदास न कंटाळता सांगायचा. एकदा त्यांनी मला गाठलं.

"सीमाबाई, याचं जू कुठसाक बसते?"

मी घाईत होते. स्पिंडलच्या, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या दांड्याच्या, तोंडाकडे बोट दाखवून म्हटलं, "इथं, आबाजी. सारा भार याच जागेवर येते. एवढी जागा जपा म्हंजे झालं."

आबाजींनी ती जागा बराच वेळ निरखून पाहिली. मी माझ्या कामाला लागले.

ही जागा काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथंच घडलं. मशीनचं हत्यार, म्हणजे ड्रिल वगैरे, एका होल्डरमध्ये पकडलेलं असतं. त्या होल्डरचं शेपूट निमुळतं असतं, आणि स्पिंडलच्या तशाच निमुळत्या तोंडात ते घट्ट बसतं. नीट बसलं तर हत्यार एका जागी फिरतं. नीट नाही बसलं तर त्याचं टोक डोलतं आणि भोक मोठं पडतं. सायकलचं चाक उचलून फिरवलं आणि रिम डावी-उजवीकडे झुलायला लागली की सायकलवाला म्हणतो, चाकाला आऊट आला. हे तसंच. फरक इतकाच की सायकलचा आऊट डोळ्यांना दिसतो, आणि आमचा बघायला डायल लावावा लागतो. डायलची टोचणी फिरत्या होल्डरला टेकवायची आणि काटा किती हलतो ते वाचायचं. आमच्या कामात दहा मायक्रॉनपर्यंत चालतं. डोक्याचा केससुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड असतो.

पोळा झाला आणि मशीनला आऊट आला.

आधी केशवरावांचा फोन आला. आमचा माल मूर्तिजापूरच्या पुढे गेला की मला धडधड सुरू होते, कारण केशवराव स्वतः भोक मोजायचं बोअर गेज घेऊन टेम्पोची वाट बघत उभे असतात.

"कावो सीमाबाई," ते म्हणाले, "बेअरिंग बसवायचं भोक पाडलं का कुत्र्याले निंघाले जागा ठेवली? बेअरिंग टाकलं तं खाली पडून राह्यलं ना!"

मी डायल लावला. काटा चाळीस मायक्रॉन हलला. दुसरा होल्डर लावला, तिसरा लावला, तीच गत. किशोरभाऊंना सांगितलं. त्यांनी केबिनमधूनच, मोबाइलवर, मशीनची तब्येत पाहिली. मशीनचं एक ॲप आहे. त्यात सगळं हिरवं होतं.

"मशीन तं ओके दाखवून राह्यलं," ते म्हणाले.

"भाऊ, ॲप ओके आहे. मशीन डोलून राह्यलं."

"मंग देवीदासनंच काही केलं असन."

देवीदास तिथंच उभा होता. तो 'नाई' म्हणाला नाही, 'हो' म्हणाला नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तो लवकर यायचा आणि स्पिंडल पुसत बसायचा. काटा थोडा शांत व्हायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा डोलायचा. मी त्याला दोनदा खोदून विचारलं. तो म्हणाला, "पुसतो ना ताई मी. होईन नीट." तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असला की माणूस कमी बोलतो, असा मी अर्थ काढला आणि स्पिंडलची बेअरिंगच गेली असणार, असं किशोरभाऊंना ठासून सांगितलं.

इकडे शेडमध्ये दिवसभर एकच विषय. मशीन बिघडलं, मशीनला त्रास होतो, मशीन भार घेत नाही. आबाजी स्टुलावर बसून सगळं ऐकायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा तर त्यांनी दुपारचा डबा परत पाठवला. घरचा माणूस आजारी असल्यासारखे ते मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून बसलेले असायचे. मी तेव्हा म्हटलं, म्हाताऱ्याला पैशाची काळजी लागली असेल. माणसाला ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तो असा.

शेवटी किशोरभाऊंनी कंपनीला तक्रार केली आणि जाहीर करून टाकलं, "इंजिनिअर येऊन राह्यला. मशीनचा दोष निंघाला तं कंपनी पाहीन. नाई निंघाला तं देवीदास, तू तुया रस्ता पाह्य. मले केशवराव हातचा नाई घालवायचा." देवीदासने मान हलवली. त्याची बायको घरी शिलाई करते, पोरगी यंदा बारावीला आहे, आणि ह्या शेडमध्ये तो किशोरभाऊंच्या आधीपासून आहे, म्हणजे शेड दुसऱ्याची होती तेव्हापासून. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी जो तो आपल्या कामाला लागला. मीही हातातल्या डायलकडे बघत राहिले.

इंजिनिअर पुण्याहून आला. इस्त्रीचा निळा शर्ट, खिशाला तीन पेन, आणि अमरावतीत चांगली कॉफी कुठं मिळते, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, चहा चांगला मिळते. तो हसला. विनोद समजून हसला असावा.

मग तो कामाला लागला. खांद्याला मान लावून फोनवर बायकोशी की मॅनेजरशी बोलत बोलत त्याने बॅगेतून पांढरं फडकं काढलं, त्यावर कसलंसं द्रावण ओतलं, हात स्पिंडलच्या तोंडात घातला आणि आतून खसाखसा पुसून काढलं. पुन्हा ओतलं, पुन्हा पुसलं. फडकं न बघताच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग मखमलीच्या पेटीतून एक चकचकीत गोल दांडा काढून स्पिंडलमध्ये बसवला, डायल लावला आणि हाताने स्पिंडल फिरवला. तोंडाशी तीन मायक्रॉन. खाली टोकाशी आठ.

"परफेक्ट," तो म्हणाला. "मशीनमध्ये काहीही प्रॉब्लेम नाहीये. तुमच्याकडे हाताळणी नीट होत नाही. विदर्भात आम्हाला हा अनुभव नेहमीच येतो."

विदर्भात त्यांना आणखी काय काय अनुभव येतात ते मी विचारणार होते, पण किशोरभाऊंनी डोळे वटारले. इंजिनिअरने आमचे होल्डर त्याच द्रावणाने पुसून पुन्हा लावले. सगळे ठीक. त्याने सही घेतली आणि तो स्टेशनवर गेला.

गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच किशोरभाऊ वळले. "ऐकलं ना? मशीन सोन्यासारखं हाये. देवीदास, उद्यापासून येऊ नको."

देवीदास म्हणाला, "बरं भाऊ."

बस. इतकंच. वर्षानुवर्षांची नोकरी गेली आणि हा माणूस 'बरं भाऊ' म्हणतो! मला त्याचा इतका राग आला की किशोरभाऊंचा यायचा राहूनच गेला. तो खुंटीवरचा डबा काढायला गेला. मी कचऱ्याच्या डब्यापाशी गेले. सकाळी मी स्वतः मोजलं होतं, चाळीस. त्या पुणेकराने एकदा हात फिरवला आणि तीन. बेअरिंग गेलेलं असतं तर पुसून बरं होत नाही. म्हणजे जे काही होतं ते आता त्या फडक्यात होतं.

फडकं पिवळं झालं होतं. चांगलं गर्द पिवळं, आणि त्यात लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला. मी ते नेऊन किशोरभाऊंपुढे धरलं.

"हे पाहा. हे स्पिंडलमधून निंघालं."

"खर्रा," किशोरभाऊ लगेच म्हणाले. "हा दिवसभर घोटते ना, तेच हात घालत असन आतमंदी."

"भाऊ, वास घ्या."

"काहून? मी काहून घेऊ त्याचा वास?"

"घ्या म्हणून राह्यली ना मी!"

मी जरा मोठ्यानेच ओरडले. किशोरभाऊंनी नाक जवळ आणलं. द्रावणाचा वास होता, पण त्याच्याखाली दुसरा वास होता. किशोरभाऊंचा चेहरा मी बघत होते. आधी त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग त्या गेल्या. ते फडकं त्यांनी हातातच घेतलं आणि पुन्हा नाकाशी नेलं.

तेवढ्यात मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. आबाजी उठले होते. आमच्या आरडाओरड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. इंजिनिअरने दिवसभर मशीनच्या तोंडात हात घालून घालून ते हैराण केलं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. बंडीच्या खिशातून त्यांनी एक पितळी डबी काढली, मशीनचं दार सरकवलं आणि दोन बोटं डबीत बुडवून हात स्पिंडलच्या तोंडात घातला. सावकाश, गोल गोल, दाबून दाबून ते चोळायला लागले. तोंडाने पुटपुटत होते, "लय तरास देल्ला बापा तुले. होईन, होईन मोकळं."

हळद आणि तूप.

वऱ्हाडातल्या कोणाला हे सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जिथं जू बसलं, जिथं कातडं घासून घट्टे पडले, तो खांदा हळद-तुपाने चोळायचा, शेकायचा, आणि बैलाला हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आबाजींनी आयुष्यभर हे केलं होतं. यंदा गोठा रिकामा होता. मग ते इथं आले, आणि जिथं जू बसतं असं मी बोट दाखवून सांगितलं होतं, तिथं त्यांनी खांदा शेकला. त्यानंतर मशीन दुखणाईत झाल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा ते रोज संध्याकाळी शेकायला लागले. जितका आऊट वाढला तितकं तूप वाढलं. उडणारा लोखंडाचा चुरा तुपाला चिकटत गेला आणि होल्डर त्या चुऱ्यावर तिरपा बसत गेला.

"बाबा!" किशोरभाऊ ओरडले. "हे काय करून राह्यले तुमी?"

आबाजी दचकले. हात तसाच आत.

मी किशोरभाऊंना गप्प केलं. मालकाला गप्प करायची ही माझी पहिलीच वेळ नव्हती. म्हटलं, "लावून झालं आबाजी? या इकडं." मग त्याच तुपावर होल्डर बसवला, डायल लावला आणि स्पिंडल हाताने फिरवला. दुपारी निवांत बसलेला काटा पुन्हा मागेपुढे झुलायला लागला.

आबाजी वाकून बघत राहिले. "हा काटा काहून नाचून राह्यला?"

"तुमच्या तुपानं, आबाजी," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही. "तिथं कोरडं ठाक पाह्यजे. तूप लावलं की जू वाकडं बसते."

त्यांनी आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. पुन्हा काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे त्याचं दुखनं मीच लावलं?"

मी होल्डर उतरवला आणि पुसायला घेतला. एकदा पुसून झाला तरी पुन्हा पुसला.

"हे देवीदासले ठावं होतं?" किशोरभाऊंनी विचारलं.

देवीदास डबा हातात घेऊन गेटपाशी उभा होता. मीच त्याला हाक मारून विचारलं, "देवीदासभाऊ, तुमाले माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी पाह्यलं," तो म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या सांजीले."

"मंग बोलला काहून नाई तू?" किशोरभाऊ त्याच्यावरच चढले. ज्याला नुकतं काढलं त्याच्यावर चढायचं, हेही जमतं त्यांना.

"काय सांगू भाऊ? बैल गेल्यापासून आबाजी पयल्यांदा हासत होते. हात जोडून आवतन देल्लं त्याईनं मशीनले. मले वाटलं, मी पुसून घेईन सकाळी. कोनाले पत्ता नाई लागनार." तो थांबला. "तूप लय चिवट असते पन."

किशोरभाऊ हातातलं फडकं चुरगाळत होते. आबाजी त्यांच्याकडे वळले. आवाज चढवला नाही, पण मी त्या आवाजापुढे उभी राहिले नसते.

"किशोर, लहानपनी वाटी कोन धरे रे खांदशेकनीले?"

किशोरभाऊंनी फडकं पाठीमागे धरलं.

"तू धरे. बोटं चाटे हळदीची, मार खाय मायचा. इतके दिवस या शेडीत त्याच तुपाचा वास मारून राह्यला. तुले कधी आलाच नाई?"

केबिनचं दार बंद असतं, एसी चालू असतो, ॲपला वास येत नाही. एवढं सगळं मी सांगू शकले असते. पण किशोरभाऊंचं तोंड पाहिलं आणि गप्प बसले. ते एकदम वाटी धरणाऱ्या पोरासारखे दिसायला लागले होते.

आबाजी गेटाकडे चालायला लागले. चालताना एक पाय ओढतात ते. देवीदासला वाटलं निरोप घ्यायला येत आहेत, म्हणून तो पाया पडायला वाकला. आबाजींनी त्याला दंडाला धरून उभं केलं. डबीतलं उरलेलं सगळं बोटांवर घेतलं, आणि देवीदासच्या खांद्यावर, मळक्या निळ्या शर्टावरूनच, चोळायला लागले. दाबून, सावकाश, गोल गोल. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आवतन घे बापा. उद्या जेवाले ये."

माणसाला बैलाचं आवतन! एरवी कोणी हे केलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. त्या दिवशी माझ्याने भांडवलं नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी डायल पेटीत ठेवायचं नाटक केलं. देवीदास एका हातात डबा घेऊन तसाच उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

किशोरभाऊंनी घसा साफ केला. माफी वगैरे त्यांना मागता येत नाही, तसं शिक्षण झालेलं नाही त्यांचं. ते म्हणाले, "देवीदास, सकाळी येशीन तं ते तेवढं नीट पुसून घेजो." मग हातातलं फडकं त्यांनी कचऱ्यात टाकलं नाही. घडी करून खिशात घातलं आणि आबाजींचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत नेलं. टिफिनची पिशवी त्या दिवशी पहिल्यांदाच शेडमध्ये राहिली.

दुसऱ्या दिवशी किशोरभाऊंच्या गाडीतून पुरणपोळीचा डबा आला. देवीदास तोच शर्ट घालून आला होता. खांद्यावरचा पिवळा डाग त्याने धुतला नव्हता. आबाजी स्टुलावर बसले होते, मांडीवर एक धुतलेलं कोरडं फडकं. त्यांनीच स्पिंडल पुसला, आतून बाहेरून, आणि मला म्हणाले, "पाह्य आता." मी डायल लावला. चार मायक्रॉन. केशवरावांना फोन केला आणि सांगितलं, माल पाठवून राह्यलो.

"काय बिघडलं होतं वो मशीनचं?" त्यांनी विचारलं.

मी देवीदासच्या खांद्याकडे पाहिलं.

"काही नाई," मी म्हटलं. "आमी चुकीचा खांदा शेकून राह्यलो होतो."